सरड्याला तीन बाजूंनी काच

नवऱ्याने आधी पोरीला उचललं, मग आपल्या मायला ओढत नेलं, आणि मला शेवटी.

माझं अंग तेव्हा माझं राहिलं नव्हतं. बाजेवर पडल्या पडल्या मला सगळं दिसत होतं, पण हात उचलत नव्हता. डोक्यात कोणी पाट्यावर वरवंटा घासावा तसं होत होतं. बाजेखाली शेगडीतले निखारे लाल होते. दाराला पाठ लावून बसलेली सासू एका अंगावर कलली होती आणि तिच्या तोंडातून लाळ गळत होती. पोरगी माझ्या कुशीत होती. तिची पाचवीसुद्धा झाली नव्हती. सकाळपासून ती अंगावर प्यायली नव्हती, आणि आता रडतही नव्हती. मला वाटलं, झोपली असेल.

नवरा दाराला खांदा लावून आत आला. दारासोबत सासूही सरकली. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाने यायचं नसतं, आणि हा पायात चपला घालून आत. वर ओरडत होता, "सरडा! अवं, सरडा असाच मेला व्हता!"

मी मरायला टेकले होते आणि माझा नवरा सरड्याचं नाव घेत होता. मला आले तेवढ्या शिव्या मी त्याला दिल्या. आवाज निघाला की नाही ते ठाऊक नाही, ओठ हलले एवढं खरं. त्याने माझ्याकडे पाहिलं, पोरीला उचललं आणि गेला. परत आला तो मायला काखेत धरून फरफटत घेऊन गेला. मी वाट पाहत पडले. मग मला नेलं.

अंगणात ऊन होतं. मला त्याने भिंतीला टेकवून बसवलं. समोर पोत्यावर पोरगी ठेवलेली, ओल्या चिंधीसारखी. ओठांचा रंग भलताच. आणि पलीकडे ओट्यावर, काचेच्या घरात, त्याचा नवा सरडा फांदीवर बसून ऊन खात होता. मान वर करून माझ्याकडे पाहत होता. त्याला काही झालं नव्हतं.

पोरगी हलत नव्हती.

आता सरड्याचं सांगते. त्याच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. माझं त्या सरड्याशी वाकडं होतं, तेही त्यातच येईल.

माझ्या नवऱ्याचं मेहकरला तसबिरी बांधायचं दुकान होतं. देवांच्या तसबिरी, लग्नातले फोटो, मेलेल्या म्हाताऱ्यांचे फोटो, सगळं तो चौकटीत बसवायचा. महाराष्ट्र नवा होता तेव्हा. नव्या कचेऱ्या उघडत होत्या आणि प्रत्येक कचेरीला भिंतीवर पुढारी लागत होते. त्यामुळे काम चांगलं होतं. खामगावहून काचेची पेटी यायची, गवतात बांधलेली. तो हिरकणीच्या कलमेने काचेवर रेघ ओढायचा, अंगठ्याने दाबायचा, आणि काच रेघेवरच तुटायची. त्याचा हात हलका होता. सगळा गाव म्हणायचा.

मी लग्न होऊन आले तेव्हा घरात आरसा नव्हता. भिंतीत शेणामातीने एक फुटका तुकडा बसवलेला होता. त्यात एका वेळी एक डोळा दिसायचा. कुंकू लावायचं तर आधी कपाळ शोधावं लागे. मी म्हटलं, "एक आरसा बांधून द्या ना मले. तुमचंच दुकान आहे."

"हाव, देतो," तो म्हणाला.

सैपाकाच्या खोलीला झरोका नव्हता. आमचं घर धाब्याचं, वर मातीचं जाड छत, धूर जाईल कुठून? डोळ्यांचं पाणी खळत नसे. मी म्हटलं, "भिंतीले एक झरोका पाडा."

"हाव, पाडू."

हा 'हाव' मी पुढे जन्मभर ऐकला. तो नाही कधीच म्हणाला नाही. नाही म्हणणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं.

सरडा आला तो पराट्यांच्या भाऱ्यातून. कापूस वेचून झाला की वाळलेली झाडं आम्ही जळणाला आणत असू. मी भारा सोडला आणि आतून हा टुणकन बाहेर पडला. पुढचा एक पाय लोंबत होता. मी खराटा उचलला.

"मारू नको वं," नवरा म्हणाला. "पाय मोडला त्याचा."

"मंग? सरड्याचा पाय तुमी बांधता?"

त्याने खरंच बांधला. चौकटीच्या मागे लावायच्या पुठ्ठ्याची काडी काढली, दोऱ्याने पायाला बांधली. सरडा तोंड उघडून त्याला चावायला पाहत होता आणि हा हसत होता. लग्नाला इतके दिवस झाले होते, एवढा हसताना मी त्याला पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद झाल्यावर तो काचेची रिकामी पेटी घरी घेऊन आला. तिच्या तीन बाजू कापून काढल्या आणि तिथे काचा बसवल्या. कोपऱ्यांत काच पक्की करायची लांबी भरली. मागची बाजू लाकडाचीच ठेवली, म्हणे जनावराला पाठ टेकायला आडोसा लागतो. वरून जुन्या चाळणीची जाळी ठोकली, बिजागरी लावून झाकण केलं. काचेच्या कडा दगडावर घासून बोथट केल्या, त्याच्या पायाला लागू नये म्हणून. हे सगळं तो अंगणात बसून करत होता आणि मी आत धुरात भाकरी थापत होते.

"काय करून राह्यले?" मी बाहेर येऊन विचारलं.

"घर."

"कोणाले?"

"त्याले."

"त्याले तीन बाजूनं काच आन् मले एक झरोका नाही?"

"हाव, पाडू ना," तो म्हणाला आणि फुंकर मारून काचेवरचा भुसा उडवला.

पेटीत त्याने पैनगंगेची वाळू धुऊन, वाळवून टाकली. बोरीची एक फांदी आणली आणि बसून तिचे काटे एकेक करून काढले. एक चपटा काळा दगड ठेवला, सकाळी तापायला. एका कोपऱ्यात फुटक्या मडक्याची खापरी पालथी घातली, लपायला. मग रोज सकाळी ती पेटी अंगणातल्या ओट्यावर ठेवायची आणि निम्म्या पेटीवर गोणपाट टाकायचं. अर्धं ऊन, अर्धी सावली.

"त्याचं त्याले कळते," तो मला समजावून सांगायचा. "गरम झालं का सावलीत जाते, थंड झालं का उन्हात येते. आपण फक्त दोन्ही ठेवा लागते."

मला कोणी दोन्ही ठेवलं नव्हतं. माझ्या वाट्याला चूल होती.

वाटीतलं पाणी सरडा पीत नाही. त्याला पाणी पडताना दिसावं लागतं. म्हणून हा बोटं पाण्यात बुडवून फांदीवर शिंपडायचा, तुळशीवर शिंपडावं तसं, आणि सरडा पानावरचे थेंब चाटायचा. खायला जिवंत लागे. दुकान बंद करून नवरा नदीच्या बाजूने गवतात फिरायचा आणि डबीत नाकतोडे भरून आणायचा. पावसाळ्यात पंखवाल्या मुंग्या. कपाशीवरच्या अळ्या. वाळू तो चाळणीने चाळायचा, घाण काढायचा, काच लिंबाच्या पाल्याच्या पाण्याने पुसायचा. कात टाकायची वेळ आली की ओलं फडकं आत ठेवायचा. एकदा बोटावर कात अडकली, तर कापसाच्या बोळ्याने भिजवत बसला, जोवर ती सुटली नाही तोवर. आणि दिवसातून कितीदा तरी हाताची पालथी बाजू काचेला लावून पाहायचा, आत किती तापलं ते.

ती पालथ्या हाताची गोष्ट मला सगळ्यात जास्त झोंबायची. मला ताप आला तर हा विचारायचा, "ताप आहे काय?" आणि दाराशीच उभा राहायचा.

शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "बाई वं, तुह्या घरी सवत आली म्हणे. चार पायाची."

"सवत असती तर झिंज्या धरल्या असत्या," मी म्हटलं. "हा तर गडी आहे. मिशा आल्या का तेवढं पाहाचं राह्यलं."

ती हसली. मी नाही हसले. सवतीवर जळायची रीत तरी आहे, लोकांना ती कळते. सरड्यावर जळणाऱ्या बाईने कोणाजवळ बोलावं?

मग आरसा आला.

एका संध्याकाळी तो दुकानातून आरशाचा तुकडा घेऊन आला. चांगला तळहाताएवढा. कडा घासलेल्या. मी पदराला हात पुसून पुढे झाले. तो माझ्या बाजूने गेला, पेटीचं झाकण उघडलं आणि आरसा सरड्यापुढे ठेवला.

"पाह्य, पाह्य," मला म्हणतो. "आता गंमत पाह्य."

सरड्याने आरशात पाहिलं. आधी गळा फुगवला, मग दोन पायांवर उठबैठ केली, आणि बघता बघता त्याचं डोकं, मान, छाती सगळं लालभडक झालं. त्याला वाटलं, दुसरा सरडा आला. आपल्या घरात, आपल्या फांदीजवळ.

"पाह्यलं? जळते तो," नवरा म्हणाला आणि टाळी वाजवली.

"त्याचं बरोबर आहे," मी म्हटलं आणि आत गेले. त्या रात्री जेवताना मी त्याच्याशी बोलले नाही. त्याच्या ते लक्षात आलं असं वाटलं नाही.

पौष लागला. आमच्याकडे पौषात थंडी कडक पडते. सरडा सुस्त झाला, खाईना, फांदीवरून उतरेना. नवऱ्याचा जीव वरखाली. एका संध्याकाळी त्याने लहान मडक्यात माझ्या चुलीतले निखारे भरले आणि ते वाळूवर, फांदीपासून दूर, नीट ठेवलं. वर जाळीवर दुहेरी गोणपाट टाकलं. फटींत कापूस कोंबला, ऊब जाऊ नये म्हणून. पालथा हात लावून पाहिलं आणि समाधानाने झोपला.

सकाळी सरडा फांदीवरच होता. पकडलेली फांदी सोडलेली नव्हती. भाजल्याचा डाग नाही, काही नाही. डोळे मिटलेले. नवऱ्याने त्याला उचललं तर पाय फांदीवरून एकेक करून सोडवावे लागले.

त्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशीही धड जेवला नाही. माझी माय आषाढात वारली होती. तिला पोचवून आला तेव्हा यानं हातपाय धुऊन दोन भाकरी खाल्ल्या होत्या. भाकरी मोजायची सवय बाईच्या डोळ्यांना असते.

त्याला एकच प्रश्न पडला होता, मेला कशाने? निखारा लागला नाही, जास्त तापलं नाही, मग? त्याने रिकाम्या पेटीत पुन्हा तसंच केलं. निखारे ठेवले, बाजूला तेलाची पणती लावली, गोणपाट टाकलं, फटी बुजवल्या आणि काचेतून पाहत बसला. थोड्या वेळाने पणतीची ज्योत बारीक झाली आणि विझली. तेल होतं, वात होती.

"शेगडी हवा खाते," तो मला म्हणाला. "आन् वाईट हवा सोडते. कोंडून ठेवली का आतल्याले मारते. आवाज नाही, वास नाही."

हे त्याने मला सांगितलं, शेजारच्या शिंप्याला सांगितलं, दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. लग्नाचा फोटो बांधायला आलेल्या नव्या नवरीलाही सांगितलं. एक म्हातारा वैतागून म्हणाला, "अरे बापा, सरड्याचं सुतक पुरे कर आन् माह्या बुढीची तसबीर केव्हा देतो ते सांग." मला तर ती गोष्ट पाठ झाली होती. तो सुरू झाला की मी भांडी घासायला घ्यायची.

उन्हाळ्यात तो नदीकाठून दुसरा सरडा घेऊन आला. पहिल्यापेक्षा मोठा, पाय धड असलेला. मी कपाळाला हात लावला. त्याच सुमारास मला दिवस गेले. त्याला आनंद झाला, नाही म्हणत नाही. डबीत नाकतोडे घेऊन येताना माझ्यासाठी चिंचा आणू लागला, दुसऱ्या खिशातून. कोणता खिसा आधी रिकामा करतो ते मी पाहत असे. नाकतोडे जिवंत असतात, डबीत मरतात, म्हणून ते आधी.

पुन्हा थंडी आली. आता निखारे नाहीत. संध्याकाळी तो माझ्या चुलीच्या कडेला एक वीट तापवायचा, फडक्यात गुंडाळायचा आणि पेटीच्या एका कोपऱ्यात ठेवायचा. जाळी उघडी. पहाटे उठून वीट बदलायचा. माझं पोट मोठं झालेलं, पाय थंड पडायचे. मी म्हटलं, "एक वीट मलेही द्या."

त्याने दिली. लगेच दिली, फडक्यात गुंडाळून. पण मागितल्यावर दिली. सरड्याने मागितली नव्हती.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं असतं, पण माझं माहेर मायसोबतच संपलं होतं. म्हणून जानेफळहून सासू आली. आल्या आल्या तिने सरड्याची पेटी पाहिली.

"हे काय रे?"

"सरडा आहे, माय."

"मले डोये आहेत. घरात काऊन आहे?"

"थंडी आहे ना भाईर."

"बाळतीन घरात आन् सरडा घरात? त्याची सावली पडली लेकरावर तर? ने त्याले ओट्यावर. नातू मागतला म्या तुले, सरडा नाई मागतला."

पेटी ओट्यावर गेली. त्याने तिला चारी बाजूंनी गोणपाट बांधलं, विटा वाढवल्या. मला सासू त्या दिवशी फार आवडली. माझ्या बाजूने बोलणारं त्या घरात पहिलंच माणूस ती.

बाळंत झाले धान्याच्या खोलीत. लहान, एकच दार, झरोका नाही, वर धाबं. पोरगी झाली. सासू म्हणाली, "जाऊ दे, पहिली बेटी," आणि कामाला लागली. बाजेखाली शेगडी, तिच्यात ओवा आणि बाळंतशेपा. दार लावलेलं. दाराच्या फटीत तिने जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबल्या, कारण बाळंतिणीला वारं लागलं की जन्मभराचं दुखणं बसतं. जानेफळला तिने आपली सगळी बाळंतपणं अशीच काढली होती. पण ते घर कवेलूचं, कौलारू. कवेलूच्या छताला शंभर फटी असतात, कोणी बुजवत नाही. आमच्या धाब्याला एक नव्हती. हे तेव्हा सासूला सुचलं नाही, मलाही नाही. छताकडे कोण पाहतं?

नवरा बाहेरच. सोयर होतं, त्याने दारापर्यंतच यायचं. पोरगी त्याने एकदाच पाहिली, सासूने दार बोटभर उघडून दाखवली तेवढी. त्याला आतून धुराचा वास आला आणि तो सुरू झाला.

"माय, शेगडी भाईर काढ. नाईतर दार उघडं ठेव."

"काऊन?"

"शेगडी हवा खाते. माहा सरडा..."

"आग लागो तुह्या सरड्याले!" सासू आतून ओरडली. "तू सरड्याचा बाप, मले बाळतपण नको शिकवू. तुह्या वक्ती असंच कोंडलं व्हतं म्या. मेला काय तू? हाय ना जिता, बोलून राह्यला ना दारात?"

तो जिवंत होता, हे खरंच होतं. मग त्याने मला हाक मारली, "तू तरी सांग वं तिले."

मी बाजेवरून म्हटलं, "तुमी तुमचा सरडा सांभाळा. इकडं आमचं आमी पाहू."

तो गेला. त्याची पावलं मी ऐकली. ओट्याकडे गेली. मला वाटलंच होतं.

पुढचं असं झालं. त्या दिवशी आभाळ होतं, गार वारं सुटलं होतं. सासूने शेगडीत नेहमीपेक्षा जास्त कोळसा घातला आणि दाराच्या खालच्या फटीतही गोणपाट कोंबलं. मग पोरीला शेकलं, मला शेकलं. तिचं डोकं दुखायला लागलं म्हणून ती दाराला टेकून बसली. माझंही दुखत होतं. मी म्हटलं, "आत्याबाई, मले मळमळते." ती म्हणाली, "कच्चं अंग आहे, होते तसं." तिची जीभ जड झाली होती. नंतर ती बोलली नाही.

नवरा दुपारी जेवायला आला. आभाळ उघडून ऊन पडलं होतं. आल्यावर त्याने आधी पेटीवरचं गोणपाट काढलं, सरड्याला ऊन दिलं. हे त्यानेच मला नंतर सांगितलं, लपवलं नाही. मग दाराशी येऊन नेहमीसारखा म्हणाला, "माय, भाकर." आतून कोणी शिवी दिली नाही. सासूने त्याच्या हाकेला शिवी दिली नाही, असं आजवर झालं नव्हतं. तो पुन्हा ओरडला. मग खाली वाकून दाराच्या फटीतलं गोणपाट ओढलं आणि आत बोट घातलं. हवा गरम होती आणि सगळीकडे शांत होतं. तिथे त्याला त्याचा सरडा आठवला.

आता पुन्हा अंगणात येते.

सासूला पोत्यावर आडवं केलं होतं, ती ओकत होती. ओकणारा माणूस जिवंत असतो, म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नव्हतं. शेजारीण कुंपणावरून आली होती आणि तोंडात पदर घालून उभी होती. नवरा पोरीसमोर गुडघे टेकून बसला होता. तिला गुंडाळलेली फडकी त्याने उलगडली. तिच्या तोंडावर फुंकर घातली. तळपाय चोळले. मग तिला सरकवलं, अंग उन्हात येईल आणि डोकं त्याच्या सावलीत राहील असं. अर्धं ऊन, अर्धी सावली. हात उलटवला आणि पालथी बाजू तिच्या छातीवर ठेवली. तसाच ठेवून बसला.

मी भिंतीला टेकून पाहत होते. माझी पोरगी समोर मेल्यासारखी पडली होती आणि माझ्या मनात आलं, हा हात मला कधी लागला नाही. असं मनात आलं. त्या वेळी माणसाच्या मनात काय यावं याचा काही नेम नाही.

मग पोरगी शिंकली.

एकदा शिंकली, पुन्हा शिंकली, आणि मांजराच्या पिल्लासारखी रडायला लागली. बारीक. मग मोठ्याने. नवऱ्याने हात काढला नाही.

दवाखान्यातले डॉक्टर संध्याकाळी येऊन गेले. त्यांनी तिघींचे डोळे पाहिले आणि म्हणाले, मोकळ्या हवेत ठेवा, आत शेगडी नको. सासू पडल्या पडल्या म्हणाली, "म्या सांगतलं व्हतं ना, सरड्याची सावली पडली." तिने ते मरेपर्यंत सोडलं नाही. पण शेगडी त्यानंतर अंगणातच राहिली, आणि दुसऱ्या सुनांच्या बाळंतपणात ती स्वतः दार उघडं ठेवायची. विचारलं तर म्हणायची, "उकडते बापा."

त्याच संध्याकाळी नवऱ्याने लोखंडी सब्बल घेतली आणि धान्याच्या खोलीच्या भिंतीला झरोका पाडला. सैपाकाच्या खोलीचा राहिला तो राहिलाच.

गल्लीत सगळे म्हणू लागले, सरड्याने पोरगी वाचवली. लोक पेटी पाहायला येत. कोणी सरड्याला हळदकुंकू वाहिलं. नवरा म्हणायचा, "ह्याने नाई हो, पहिल्याने. पहिला मेला म्हणून कळलं." मेलेल्या सरड्याचंही नाव त्याला खाली पडू द्यायचं नव्हतं. पोरगी नऊ महिने माझ्या पोटात होती, पण नाव सरड्याचं झालं. ती मोठी झाल्यावरही शाळेत तिला 'सरड्याची पोरगी' म्हणत.

पोरीसाठी त्याने जे केलं ते मी पाहिलं होतं आधी, ओट्यावर. रोज सकाळी तिची झोळी अर्ध्या उन्हात, अर्ध्या सावलीत बांधायचा. वीट तापवून फडक्यात गुंडाळून पायाशी ठेवायचा, पण अंगाला लागू द्यायचा नाही. कपाळावर पालथा हात, दिवसातून कितीदा तरी. मागच्या वर्षी मी सरड्यावर जळत होते, या वर्षी पोटच्या पोरीवर. लाज वाटायला हवी होती. वाटली नाही, जळजळ तेवढी वाटली.

पुढे एकदा भाकरी वाढताना मी त्याला विचारलंच. "आधी पोरगी, मंग माय. मले शेवटी काऊन?"

त्याने तोंडातला घास चावून गिळला. मला वाटलं, त्याला आठवतही नसेल.

"पोरगी रडत नव्हती," तो म्हणाला. "माय बोलत नव्हती. तू शिव्या देऊन राह्यली होती. शिव्या देते त्याले वेळ असते."

"ऐकू आल्या तुमाले?"

"लय आल्या," तो म्हणाला आणि दुसरी भाकर मागितली.

उत्तर बरोबर होतं. तेव्हाही मला ते बरोबरच वाटलं. तरी रांगेत शेवटी उभं केलेल्याला रांग का लावली हे कळलं म्हणून बरं वाटतं असं नाही.

चैत्रात त्याने सरडा नदीकाठी सोडून दिला. पोरगी रांगायला लागेल आणि काच फोडेल, असं म्हणाला. जाताना सरडा एकदा थांबला, गळा फुगवला आणि बोरीच्या जाळीत गेला. पेटी रिकामी झाली. तिच्यातला आरशाचा तुकडा मी काढला, राखेने घासला आणि सैपाकाच्या खोलीत भिंतीला लावला. त्यात पूर्ण तोंड दिसायचं. मला मिळालेला आरसा तेवढाच, आणि तोही सरड्याचा वापरलेला.

त्या खोलीत आम्ही तिघी होतो, सासू, मी आणि पोरगी. तिघी जिवंत बाहेर आलो. सासू पुढे म्हातारी होऊन जानेफळला वारली. नवराही गेला. पोरगी आहे, तिला नातवंडं आहेत. आणि मी आहे.